पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

भोपाळहून झेलम एक्सप्रेसने पुण्याला जाताना दौंड मागे पडले की आपल्या डब्यात एकच गडबड सुरू होते. सीटखालच्या बॅगा बाहेर येतात, मुलांची तोंडे धुतली जातात, घ्यायला येणाऱ्यांना फोन लागतात. त्या गडबडीतच केडगाव नावाचे एक स्टेशन खिडकीबाहेरून निघून जाते. आमच्यापैकी कित्येकांनी हा प्रवास पन्नास वेळा केला असेल, पण केडगावकडे मुद्दाम मान वळवून पाहिल्याचे कुणाला आठवत नाही. पंडिता रमाबाईंचे 'मुक्ती मिशन' तिथे आहे आणि त्यांचा देहही तिथल्याच मातीत आहे.

बिट्टन मार्केटजवळ एका सभासदाच्या घरी आमची वाचनाची बैठक भरते. ५ एप्रिल हा रमाबाईंचा स्मृतिदिन, म्हणून यंदाच्या एप्रिलच्या बैठकीसाठी त्यांचाच विषय घेतला. काही मंडळी हाटातून भाजीच्या पिशव्या घेऊन थेट तिकडेच आली होती. शारदा सदन, विधवांचे शिक्षण, संस्कृतवरचे प्रभुत्व यांवर सगळेच उत्साहाने बोलले. पण रमाबाई ख्रिस्ती का झाल्या, हा प्रश्न निघाला आणि बैठक थोडी अवघडली. इंग्लंडात शिकायला मिळावे म्हणून, असे एकाचे मत पडले. पुण्याच्या सनातन्यांवरच्या रागाने, असे दुसऱ्याचे. एकटी बाई, दबावाला बळी पडली असेल, असेही कुणी म्हणाले. खुद्द रमाबाईंनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे, ते कुणाच्याच बोलण्यात आले नाही. १९०७ साली त्यांनी आपल्या अंतर्यात्रेची हकीकत इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केली. ती वाचली की लक्षात येते, आपण ज्याला धर्मांतर म्हणतो तो त्या हकीकतीचा मधला टप्पा आहे. खरी ओढाताण त्याच्या आधीही चालू होती आणि नंतरही. या लेखात त्यांच्या आयुष्याचा तोच धागा आम्ही धरला आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले, त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला आणि शेवटी रानात आश्रम बांधून राहिले. पुढे हातातला पैसा संपला आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले, ते पुन्हा कुठेच स्थिरावले नाही. रमाबाई तेव्हा सहा महिन्यांच्या होत्या. टोपलीत घालून त्यांना डोक्यावरून नेले. पुढे आठव्या वर्षापासून आईने त्यांना संस्कृत शिकवायला घेतले. धर्मशाळा, देवळाचा ओटा, झाडाची सावली, जिथे मुक्काम पडेल तिथे पाठ चाले. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत होते. आपण मध्य प्रदेशातली मराठी माणसे, मुलांना मराठी टिकवायला लावण्याची कसरत रोज करतो. महाराष्ट्रात जवळजवळ पाऊल न टाकता वाढलेल्या या मुलीचे मराठी कसे टिकले असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. घर म्हणजे आईवडील, आणि भाषा म्हणजे तेच घर.

ही यात्रा निव्वळ पोट भरण्यासाठी नव्हती. पुराणे सांगायची, मिळालेले दान पुन्हा दान करायचे, तीर्थात स्नान करायचे, उपास करायचे. पाप धुऊन निघावे आणि देव प्रसन्न व्हावा म्हणून हे कुटुंब जे जे सांगितले जाई ते ते निष्ठेने करत होते. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे सगळे संपले. शास्त्र्याच्या घरात अंगमेहनतीचे काम कुणाला ठाऊक नव्हते आणि भीक मागायची लाज वाटे. झाडपाला खाऊन दिवस काढले. १८७४ साली आधी वडील गेले, काही आठवड्यांनी आई गेली. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडत होती म्हणून त्यांनी तिरडीचा आपला कोपरा खांद्याऐवजी डोक्यावर घेतला आणि दूरच्या स्मशानापर्यंत तशाच चालत गेल्या. नंतर थोरली बहीणही गेली.

उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. काश्मीरपासून बंगालपर्यंत हिंडली. या वाटेवरचा एक प्रसंग रमाबाईंनी सांगितला आहे. एका पवित्र तळ्यात सात लहान डोंगर तरंगतात आणि ज्याचे पाप फिटले असेल त्याच्याकडे ते आपण होऊन सरकतात, असा तिथला लौकिक होता. भाविक काठावर हात जोडून उभे राहत. पाण्यात मगरी आहेत, उतरू नका, असे पुजारी बजावत. श्रीनिवासाने पहाटे कुणी नसताना पाण्यात उडी घेतली आणि पोहत जाऊन पाहिले. ते डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेली दगडमाती होती, वर झाडे लावलेली, आणि ढकलायला मागे माणूस. आम्ही हा प्रसंग कुणाच्या श्रद्धेची टिंगल म्हणून सांगत नाही. अशी दुकाने सगळ्याच धर्मांत उघडलेली असतात. त्या दोघांची स्थिती मात्र पाहा. आईवडील उपाशी मेले, सगळी व्रते पाळूनही मेले. पाप फिटले की नाही हे कळायचा जो मार्ग सांगितला होता, तो लाकडी तराफा निघाला.

१८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्यांच्या चरित्रांत हा सोहळा नेहमी येतो. त्याच कलकत्त्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि आमच्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यायची म्हणून रमाबाई धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचू लागल्या. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचायला दिले, तेव्हा बाईने ते वाचावेत का याच विचाराने त्या आधी घुटमळल्या होत्या. वाचता वाचता त्यांना दिसले की शास्त्रे इतर सगळ्या बाबतींत एकमेकांशी भांडतात, पण दोन गोष्टींवर मात्र सगळ्यांचे एकमत आहे. एक, स्त्रिया, मग त्या उच्च जातीच्या असोत की नीच मानलेल्या जातीच्या, स्वभावतःच वाईट. दुसरी, पुरुषाला आहे तसा मोक्षाचा अधिकार त्यांना नाही. नवऱ्याची सेवा करावी आणि पुढच्या जन्मी पुरुष होण्याची वाट पाहावी. शूद्रांचीही तीच गत. त्यांनी वाचले ते सगळे हिंदू विचाराचे सार होते, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या संतांनी मुक्ताईला, जनाबाईला, बहिणाबाईला दिलेली जागा त्यांच्या या वाचनात नव्हती. पण अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या वीस वर्षांच्या मुलीला आपल्या पोथ्यांत आपल्यासाठी दार दिसले नाही, ही वस्तुस्थिती आहे. तिचा प्रश्न शिक्षणाच्या सोयीचा नव्हता. माझी सुटका होऊ शकते का, हा होता.

पुढची पाच वर्षे झपाट्याने गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि त्या आसामात सिल्चरला राहायला गेल्या. मुलगी झाली, मनोरमा. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. गावातले एक बाप्टिस्ट मिशनरी येऊन बायबलमधल्या गोष्टी समजावून सांगू लागले. नवऱ्याला हे रुचले नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवराही गेला. चोवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल, अशा त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. पुण्यात नेहेम्या गोरे त्यांना भेटत.

या गोऱ्यांविषयी दोन ओळी लिहायलाच हव्यात, कारण ते आपल्या बाजूचे. मूळचे नीलकंठशास्त्री गोरे, जन्म १८२५चा, झाशीजवळच्या काशीपुऱ्याचा, वाढले काशीत. बुंदेलखंडात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती मताचे खंडन करणारा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तो पुढे १९५१ साली आपल्या उज्जैनच्या सिंधिया प्राच्य संस्थेने छापला. मधल्या काळात स्वतः लेखकच १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते. पण शंकांनी त्यांना जन्मभर सोडले नाही. लंडन पाहून आल्यावर तिथल्या लोकांचे वागणे हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे, अशा निर्णयापर्यंत ते पोचल्याचे माक्स म्युल्लर यांनी नोंदवले आहे. रमाबाईंना पटवणारा माणूस होता तो असा, स्वतःशी सतत वाद घालणारा.

१८८३ साली रमाबाई वैद्यकी शिकायच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथे आत्महत्येने शेवट झाला. परक्या मुलखात तो घाव किती खोल गेला असेल, याची कल्पनाच करावी. कानांना कमी ऐकू येऊ लागल्याने वैद्यकीचा बेतही बारगळला. त्याच काळात मठातल्या बायकांनी त्यांना लंडनमध्ये फुलमच्या आश्रमात नेले. समाजाने टाकलेल्या, वेश्याव्यवसायातून आलेल्या स्त्रिया तिथे राहत होत्या. एकेकाळी तशाच आयुष्यात असलेल्या काही जणी आता इतर बायकांची, आजाऱ्यांची सेवा करत होत्या. भारतात अशा बाईला कुणी जवळ केलेले रमाबाईंनी पाहिले नव्हते. या बायकांसाठी एवढे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, जातीनेही हलकी मानलेली ती बाई. येशूने तिच्या हातचे पाणी मागितले आणि उपासनेविषयीचे सर्वांत खोल बोलणे तिच्याशीच केले. कलकत्त्यात बंद दिसलेले दार इथे उघडे होते, आणि तेही सर्वांत टाकून दिलेल्या बाईसाठी. मग गोऱ्यांचे ख्रिस्ताच्या देवत्वावरचे लिखाण वाचनात आले आणि बुद्धीचीही खात्री पटली. २९ सप्टेंबर १८८३ला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बहुतेक चरित्रे इथे हे प्रकरण संपवतात. पुण्यात त्या वेळी जो गदारोळ झाला तोही इथेच.

रमाबाईंपुरते मात्र काही संपले नव्हते. चर्चच्या वडीलधाऱ्यांशी त्यांचे लगेच खटके उडू लागले. त्रैक्याचे तत्त्व त्यांच्या गळी उतरेना. बिशप सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानायची हे त्यांना जमेना. एका पुरोहितशाहीतून सुटले ते दुसरीत पडायला नव्हे, हा त्यांच्या पत्रांचा सूर आहे. त्या शाकाहारीच राहिल्या, आणि अगदी शेवटपर्यंत. जेराल्डिन या भगिनीला हा जातीचा ताठा वाटे. पूर्वजांच्या ज्या चाली वाईट नाहीत त्या आपण पाळणार, असे रमाबाईंनी त्यांना स्वच्छ कळवले. वाँटेज, चेल्टनहॅमचे कॉलेज, मग १८८६ पासून अमेरिका. तिथे आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला त्या हजर होत्या. इंग्रजीतून 'उच्चवर्णीय हिंदू स्त्री' हे पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, बॉस्टनमध्ये मदत मंडळ उभे राहिले. ११ मार्च १८८९ला मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी ज्यांचा पुनर्विवाह झाला त्या गोदूबाई याच सदनातल्या.

बाहेरून पाहिले तर यश होते. आत काय होते ते रमाबाईंनी निर्भीडपणे लिहिले आहे. बाप्तिस्मा झाला, प्रार्थना चालू, सत्कर्मे चालू. तरी शांती नव्हती. राग तोच, अभिमान तोच, अपुरेपणाची टोचणी तीच. आपण धर्म बदलला, पण मन बदलले नाही, हे त्यांना कळत होते. नवा करारही हेच सांगतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आपल्याला जे करायचे असते ते आपल्या हातून होत नाही आणि जे नको तेच होते, ही तक्रार आहे, आणि त्याच पत्रात पुढे मनाच्या नवेपणाने पालटून जाण्याची शिकवण आहे. आपल्याला हे अगदी परके वाटायचे कारण नाही. समर्थांनी मनाला श्लोकामागून श्लोक समजावले ते मन ऐकत नव्हते म्हणूनच, आणि तुकोबांनी स्वतःचे दोष जितके उघड मांडले तितके फार थोड्यांनी मांडले असतील.

१८९१च्या सुमारास रमाबाईंनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन वाचले. या हॅस्लमची गंमत अशी की ते कॉर्नवॉलमध्ये पाद्री म्हणून लोकांना उपदेश करत होते आणि एका रविवारी उपदेश करता करता त्यांच्या ध्यानात आले की ज्या तारणाविषयी आपण बोलतो आहोत ते आपल्यालाच लाभलेले नाही. रमाबाईंना आरशात पाहिल्यासारखे झाले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बाप्तिस्म्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती. त्यांनी जे ओळखले ते साध्या शब्दांत असे: आधी मी चांगली होईन आणि मग देव मला घेईल, हा हिशेबच चुकीचा. तीर्थस्नाने करताना हाच हिशेब होता आणि चर्चमध्येही त्या नकळत तोच पुढे चालवत होत्या. पाप माझ्याने फिटणार नाही. मी आहे तशी आधी स्वीकारली जाते आणि मनाचे पालटणे त्यानंतर, त्या आधारावर, सुरू होते. फुलमच्या बायकांसाठी जे खरे होते ते पंडिता सरस्वतीसाठीही खरे असायला हवे होते. आपण त्यांच्याच रांगेत उभ्या आहोत, हे मान्य करायला एवढ्या विदुषीला आठ वर्षे लागली, असे आम्हाला वाटते. विद्येची आडकाठी फार मोठी असते.

या बदलाची किंमत सदनाने मोजली. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन देऊन उघडले होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे त्या भरवशावर सल्लागार मंडळात होती. रमाबाई आता आपल्या खोलीत मनोरमेबरोबर मोकळेपणाने प्रार्थना करू लागल्या आणि दार बंद करेनात. मुली येऊन बसू लागल्या. टिळकांच्या 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्या बैठकीत यावर दोन तट पडले आणि ते शेवटपर्यंत जुळले नाहीत. स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करणे हा गुन्हा नाही, हे खरे. पण विश्वासाने मुली पाठवलेल्या आईबापांना आपण फसलो असे वाटले असेल, तर तेही खोटे नव्हते. ज्या बाईवर पोरीचा सगळा जीव, तिचे उघडे दार हे निमंत्रणच असते. रमाबाईंना हे कळत नव्हते असे मानणे म्हणजे त्यांना भोळ्या ठरवणे. त्यांनी दोन्ही बाजू पाहून दार उघडे ठेवले. काढून नेलेल्या मुलींपैकी कित्येकींच्या वाट्याला पुन्हा तेच विधवेचे जिणे आले असणार, ही गोष्ट मात्र दोन्ही तटांना खाली पाहायला लावणारी आहे.

त्यानंतर दुष्काळ आला, आणि तो आपल्या अंगणात आला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांत उपाशी होता. होशंगाबाद, नरसिंहपूर, जबलपूर हे जिल्हे तेव्हा त्याच प्रांतात. भोपाळ वेगळे, शाहजहान बेगमेच्या राज्यात. वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या उपासमारीची आठवण रमाबाईंना स्वस्थ बसू देईना. त्या मध्य प्रांतात आल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा करून पुण्याकडे नेऊ लागल्या. एकेका मुलीला बाजारात विकले जाण्याचा धोका होता. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या मुली ठेवण्याची सोय उरली नाही, म्हणून केडगावला घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर झोपड्या उभारल्या. तेच मुक्ती मिशन. तिथल्या पहिल्या मुलींत आपल्या नर्मदाकाठच्या गावांतल्या किती असतील, याचा कधी तरी नीट शोध घ्यायला हवा. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दळण, विणकाम, शेती, छापखाना, सगळे बायका चालवत. आंधळ्यांसाठी एक घर होते. आणि फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' होते. फुलममध्ये पाहिलेले त्यांनी पंधरा-सोळा वर्षांनी दौंडच्या माळावर बांधले.

संस्थेला त्यांनी 'मुक्ती' हे नाव दिले, हेही लक्षात घ्यावे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात नगराच्या तटांना तारण हे नाव द्यायचे सांगितले आहे, त्यावरून ते घेतले. मराठी ख्रिस्ती लोकांचा रोजचा शब्द तारण. रमाबाईंनी भिंतींवर घातला तो आईवडिलांच्या तोंडचा शब्द.

१९०५ साली मुक्तीत एक विलक्षण प्रकार झाला. वर्षाच्या सुरुवातीपासून मुलींचे गट रोज प्रार्थनेला बसत होते. जूनच्या अखेरीस मुली एकाएकी हमसून रडू लागल्या, आपली पापे सर्वांसमक्ष बोलू लागल्या, रात्र रात्र प्रार्थना चालू लागली. जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत त्याची बातमी गेली. आम्हाला हे थोडे अवघड जाते, हे कबूल करतो. शेकडो मुली एकाच वेळी रडतात त्यात किती पश्चात्ताप आणि किती एकमेकींची लागण, हे बाहेरच्याने कसे ठरवावे? त्यांनी आधी जे भोगले होते ते मोकळेपणी रडायला तरी त्यांना कुठे जागा मिळाली होती, असेही मनात येते. स्वयंपाकघर, शेत, छापखाना मात्र त्या काळातही बंद पडले नाहीत.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम याच सुमाराला सुरू झाले आणि दीड तप चालले. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मुळावरून मराठीत आणायला घेतले. प्रचलित मराठी बायबल होतेच, पण त्यातली संस्कृतप्रचुर भाषा मुक्तीतल्या कुणब्याच्या, महाराच्या, गोंडाच्या पोरीला कळत नव्हती. शिवाय त्या शब्दांबरोबर वेदान्ताचे अर्थही आत येतात, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी साधी, बोलीतली मराठी निवडली. ज्या संस्कृतने त्यांना पंडिता केले, पदव्या दिल्या, देशभर नाव दिले, तीच त्यांनी शब्दाशब्दाने गाळून टाकली. विद्वानांना ते भाषांतर रुक्ष वाटले, आजही वाटते, आणि वाङ्मय म्हणून ते सरस आहे असा आमचाही दावा नाही. पण मनाचे पालटणे कागदावर कुठे दिसत असेल, तर ते इथे. अक्षरे जुळवायलाही मुक्तीतल्याच बायका होत्या. हिब्रू आणि ग्रीक खिळेसुद्धा त्यांच्या हातांखालून गेले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था तिच्या हाती सोपवायची असे ठरलेले होते. चाळिशीतली एकुलती एक मुलगी गेल्यावरही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ते काम आटोपले आणि ५ एप्रिल १९२२ला, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, केडगावात त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

आमच्यापैकी चार कुटुंबांनी दिवाळीच्या सुटीत पुण्याला जाताना दौंडला उतरून पॅसेंजरने केडगावला जायचे ठरवले आहे. आणखी कुणाला यायचे असेल त्यांनी पुढच्या बैठकीला बिट्टन मार्केटच्या नेहमीच्या पत्त्यावर नाव द्यावे.